रात्री अकराचं ताट

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांचा आहे, नागपुरात मनीषनगरला राहतो. मिहानमधल्या एका कंपनीत आहे. सकाळी अकराला घराबाहेर पडतो, रात्री साडेआठला सुटतो आणि तिथून थेट जिम. सव्वानऊ ते साडेदहा व्यायाम, घरी पोचायला अकरा. जिमचे सर म्हणतात, रात्री पोळी-भात बंद, पाण्यात एक स्कूप व्हे (दुधातल्या प्रथिनांची पावडर) घ्यायचं नि झोपायचं. चार महिने झाले, तसंच करून राहिलो. बारा वाजता पडलो की दीडपर्यंत डोळा लागत नाही. मग भूक लागते, उठून चिवडा, बिस्किटं, जे हाती लागेल ते खातो. शनिवारी मित्रांसोबत सावजी मसाल्याचं झणझणीत जेवण होतं, तेही बारा वाजता, आणि रात्रभर छातीत जळजळ. आई ताट झाकून जागी बसते, मी जेवत नाही म्हणून चिडते. दही मागितलं तर म्हणते, रात्री दही खाऊ नको. घरी अंडी चालतात, चिकन-मटण नाही. वजन ६८ किलो. नेमकं काय खाऊ? की जिमच सकाळी करू? व्यायामाआधी प्री-वर्कआउट घेतो, त्याने तर काही होत नसेल ना?
– एक वाचक, मनीषनगर

उत्तर : पत्राच्या शेवटी जाता जाता जे विचारलंस, तिथूनच सुरुवात करते. दीडपर्यंत टक्क जागं राहण्याचं मोठं कारण मला तिथेच दिसतं.

प्री-वर्कआउट म्हणून ज्या पावडरी मिळतात, त्यांतल्या बहुतेकांचा जोर कॅफीनवर असतो. एका मापात २०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त कॅफीन असणं नेहमीचंच. एक कप कडक कॉफी म्हणजे साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम. म्हणजे रात्री नऊला तू दोन कप कडक कॉफी एका दमात पितोस. अंगात गेलेलं कॅफीन निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात, कुणाला थोडे कमी, कुणाला बरेच जास्त. तेव्हा रात्री दोन वाजताही तुझ्या रक्तात कपभर कॉफी फिरत असते. अमेरिकेत २०१३ मध्ये झालेल्या एका अभ्यासात झोपेच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं, तरी लोकांची झोप तासाभराहून जास्त घटली. तू तर तीन तास आधी घेतोस. तुझ्या डब्यावर प्रमाण किती लिहिलंय ते बघ, पण आकडा काहीही असला तरी रात्रीच्या व्यायामाआधी ही पावडर बंद. पहिले काही दिवस डोकं दुखेल, वजन उचलताना जोर कमी वाटेल. ते जातं. संध्याकाळचा चहाही पाच-साडेपाचच्या आत आटप, आणि सुटल्यावर साडेआठला टपरीवर थांबायची सवय असेल तर तीही सोड.

आता खाण्याकडे येते. तू विचारलंस रात्री काय खाऊ, पण मला तुझ्या रात्रीपेक्षा तुझ्या संध्याकाळची काळजी वाटते. सकाळी पोहे, दुपारी कँटीनचं जेवण, पाचला काहीतरी तळलेलं, असा दिवस मी धरून चालते. तुझ्यासारख्या वेळापत्रकाच्या मुलांचा तो बहुधा असाच असतो. म्हणजे दुपारी दोननंतर धड जेवण नाहीच. त्या रिकाम्या पोटी सव्वा तास वजनं, वर पाण्यातला एक स्कूप. मग दीड वाजता चिवड्याच्या डब्यात हात जाणारच. त्याला तू मनाचा कमकुवतपणा समजत असशील तर समजू नकोस. शरीर दिवसभराची थकबाकी वसूल करतंय.

म्हणून मुख्य जेवण संध्याकाळी सात-साडेसातला ऑफिसातच कर. आईला सांग, रात्री झाकून ठेवतेस तो डबा मला सकाळीच दे. दोन-तीन पोळ्या, भाजी, घट्ट वरण किंवा उसळ, काकडी किंवा मुळा. सव्वानऊपर्यंत पावणेदोन-दोन तास मिळतात, पोट हलकं होतं आणि व्यायामाला ताकद खरी पोळीची मिळते. मीटिंगमुळे सात चुकले तर साडेआठला निघताना दोन केळी नाहीतर मूठभर फुटाणे नि गूळ, एवढं तरी पोटात असू दे. उन्हाळ्यात ऑफिसात एसी असला तरी डबा सकाळी अकरापासून संध्याकाळी सातपर्यंत बाहेर ठेवायचा नाही. फ्रिज असेल तर त्यात ठेव. नसेल तर वरणाऐवजी कोरडी भाजी, पोळ्या नि जवसाची चटणी ने आणि सोबत फुटाणे ठेव.

सरांचं 'रात्री पोळी-भात बंद' मला अजिबात पटलेलं नाही. घड्याळात आठ वाजले म्हणून पोळीची चरबी होत नाही. दिवसभरात जितकं खर्च केलं त्याहून जास्त खाल्लं, तर चरबी वाढते. मग ते दुपारी खा की रात्री. व्यायामात स्नायूंतली साखर खर्च झालेली असते आणि व्यायामानंतर स्नायू ती भरून काढायला आतुर असतात. तेव्हा अकरा वाजताची एक पोळी किंवा वाटीभर भात तुझ्या कामीच येतो. उपाशी झोपलास तर मात्र दीडला बिस्किटांचा पुडा संपतो, आणि तो कुठल्याच हिशेबात धरला जात नाही.

प्रथिनांबद्दल सर चुकीचे नाहीत. व्यायाम न करणाऱ्या निरोगी माणसासाठी आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. तुझ्या वजनाला ती ५६ ग्रॅम होतात. वजनं उचलणाऱ्यांसाठी क्रीडा-पोषणातला सर्वसाधारण आकडा किलोमागे १.४ ते २ ग्रॅम. तू ९५ ते ११० ग्रॅमच्या मध्ये राहिलास तर भरपूर झालं. पण ती सगळी रात्री एका स्कूपमध्ये येत नसतात. स्कूपमधून चोवीस-पंचवीस ग्रॅम मिळतात, उरलेली सत्तर-ऐंशी सकाळ, दुपार आणि संध्याकाळच्या ताटात हवीत. नुसत्या पोह्यांत चार-पाच ग्रॅमच असतात. त्यांच्यासोबत दोन अंडी नि कपभर दूध घेतलंस की पंचवीसच्या आसपास जातोस. तर्री पोह्यांवरच्या तर्रीत, म्हणजे तिखट रश्श्यात, चणे असतात हे खरं, पण किती असतात ते तुला नि मला दोघांनाही माहीत आहे.

'व्यायाम झाल्यावर अर्ध्या तासात प्रोटीन घेतलं नाही तर सगळं वाया' ही भीतीही मनातून काढ. २०१३ मध्ये यावरचे बरेच प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा दिसलं की दिवसाची एकूण बेरीज पुरी असली की वेळेचा फरक जवळजवळ उरत नाही. जिमच्या पार्किंगमध्ये उभ्याने शेकर हलवायची गरज नाही. घरी ये, आंघोळ कर, बसून खा.

झोपण्याआधी प्रथिनं खाल्ल्याने फायदा होतो का, तर होतो. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात २०१२ साली तरुणांकडून रात्री आठला वजनं उचलून घेतली आणि साडेअकराला काहींना ४० ग्रॅम केसीन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, पाण्यातून दिलं. बाकीच्यांना नुसतं पाणी. केसीन घेतलेल्यांच्या स्नायूंची रात्रभरातली नवी बांधणी साधारण २२ टक्क्यांनी जास्त निघाली. दुधातली जवळपास ८० टक्के प्रथिनं केसीनचीच असतात. ती पोटात गुठळी धरतात आणि सावकाश पचतात, म्हणून रात्रीसाठी दूध-पनीर चांगलं. त्यासाठी लिटरभर दूध पिऊन झोपू नकोस. दिवस नीट जेवलेल्या माणसाला रात्री पंचवीस-तीस ग्रॅम पुष्कळ होतात.

पण याच्या दुसऱ्या बाजूचा आकडाही ऐक. ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये झालेल्या अभ्यासात एक अख्खी रात्र जागवलेल्या तरुणांच्या स्नायूंची बांधणी १८ टक्क्यांनी घटली. तू अख्खी रात्र जागत नाहीस, हे खरं. पण रोज दीडला झोपणं नि सकाळी घरात भांड्यांचा आवाज सुरू झाला की उठणं, हेही काही कमी नाही. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप लागतेच. म्हणून रात्रीच्या ताटाबद्दल माझा एकच आग्रह आहे : त्याने तुझी झोप मोडता कामा नये. प्रथिनं कितीही चांगली असोत, ज्याने पोट फुगतं, जळजळतं किंवा लघवीसाठी दोनदा उठावं लागतं, ते रात्री अकराचं अन्न नाही.

ताट मी असं लावेन. रात्री झोपताना ६० ग्रॅम सालीची मूगडाळ भिजत घाल. एकदा मोजून बघ, मग मुठीचा अंदाज येतो. सकाळी आल्याचा तुकडा, जिरं आणि अर्धी हिरवी मिरची घालून वाट आणि डबा फ्रिजमध्ये ठेव. रात्री आल्यावर त्यात मीठ, बारीक चिरलेला सांबार (कोथिंबीर) आणि ५० ग्रॅम पनीर किसून घाल. तवा नीट तापू दे, नाहीतर मूग चिकटतो. चमचाभर तेलावर पळीभर पीठ ओत नि वाटीच्या बुडाने हलकेच पसरव. कडा सुटून वर आल्या की उलट. दोन जाड धिरडी होतात, आंघोळ करून आल्यावर दहा मिनिटांचं काम. मुगाचे चौदा, पनीरचे नऊ, आणि वर पेलाभर कोमट दूध घेतलंस तर सहा-सात. तीस ग्रॅम तिथेच झाले, आणि मूग हरभऱ्यासारखा पोटात गॅस धरत नाही.

धिरड्यांचा कंटाळा आला तर तीन अंड्यांची भुर्जी आणि एक पोळी. अंड्यामागे सहा ग्रॅम धर. भुर्जीत तेल बेताचं, तिखट त्याहून बेताचं. आणि एखाद्या दिवशी अगदी गळून आलास, तर मऊ भात, घट्ट वरण, चमचाभर तूप, वरून लिंबू. त्यानंतर दूध. मला विचारशील तर थकलेल्या अंगाला रात्री याच्याइतकं शांत अन्न दुसरं नाही. वरण मात्र ताटात डाळ दिसेल इतकं घट्ट असू दे.

व्हे ठेवायचं असेल तर ठेव, फक्त पाण्याऐवजी ३०० मिलिलिटर दुधात घे आणि सोबत काहीतरी चावून खा. दूध-पावडर मिळून तीस-पस्तीस ग्रॅम होतात, पोटही भरल्यासारखं वाटतं. दुधाने पोट गुडगुडत असेल तर दुधाचा हट्ट नको. पावडर कुठली घेतोस ते लिहिलं नाहीस. जिममधून सुटी, पिशवीत बांधून दिलेली असेल तर आजच बंद कर. डबा सीलबंद हवा, त्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक आणि घटकांची यादी हवी, आणि हातात पक्कं बिल हवं.

रात्री अकराला न खायच्या गोष्टीही आहेत. कच्ची मोड आलेली कडधान्यं, छोले, राजमा, सोयाबीनच्या वड्या. प्रथिनं भरपूर, पण पचायला जड आणि वाताच्या. सोयाच्या ५० ग्रॅम सुक्या वड्यांत पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. एवढी स्वस्त प्रथिनं सहसा मिळत नाहीत, तेव्हा त्या सोडू नकोस, दुपारी खा. शेंगदाणे आणि पीनट बटर चमचाभर ठीक आहे. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं, त्याला प्रथिनांचं अन्न म्हणून वाटीभर खाल्लंस तर रात्र जड जाते.

दह्यावरून आईशी वाद घालू नकोस. रात्री दही नको, हे आयुर्वेदाच्या ग्रंथांतच सांगितलेलं आहे आणि आपल्या घराघरांत पाळलं जातं. ज्यांना रात्री दही सोसतं, त्यांनी खायला माझी हरकत नाही. पण दह्यातून जे मिळतं ते दूध-पनीरमधूनही मिळतं. वाटीभर दह्यासाठी घरात रोज तोंडं का फिरवायची? दही दुपारच्या जेवणात घे. दूध नि केळं एकत्र खाणंही तिला चालत नसेल तर केळं साडेआठला खा, दूध झोपताना पी.

आणि आईबद्दल एक गोष्ट, जी तू विचारलेली नाहीस. ती अकरापर्यंत ताट झाकून बसते, आणि तू पाण्यात पावडर हलवून खोलीत जातोस. ती चिडते ती पोळी वाया गेली म्हणून नाही. तिला आजच सांग की डबा संध्याकाळी खाणार आहे आणि रात्रीची धिरडी मी माझी करीन, तू साडेदहाला झोप. ओट्यावर तवा नि तेलाची वाटी सोडून जाऊ नकोस, घासून ठेव. आणि डबा रिकामा आणलास तर तिचा निम्मा राग तिथेच जाईल.

सावजी. नागपूरच्या मुलाला सावजी सोड म्हणणार नाही. पण रात्री बारा वाजता, व्यायामाने दमलेल्या पोटात, वर बोटभर तेलाची तर्री आणि तो मसाला, आणि तासाभरात आडवं. इतकं तेल असलं की जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, आणि भरल्या पोटी आडवं झालं की आम्ल वर अन्ननलिकेत येतं. जळजळ त्याची. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास लागतात, ते बाराच्या जेवणाला कधीच मिळणार नाहीत. सावजी रविवारी दुपारी ठेवा. मित्रही तेच, भाकरही तीच, आणि चार वाजेपर्यंत गप्पा मारायला वेळ. सोबत दारू होत असेल तर, तू लिहिलेलं नाहीस पण सांगून ठेवते, व्यायामाच्या रात्री ती स्नायू आणि झोप दोन्हींचं नुकसान करते.

धिरड्या-दुधासारख्या हलक्या ताटानंतर पाऊण तास बसून मग झोपलास तरी चालेल. जळजळीची सवय असेल तर डाव्या कुशीवर झोप, त्याने आम्ल वर यायचं कमी होतं. एवढं करूनही आठवड्यात दोनदा किंवा जास्त वेळा जळजळ होत राहिली, गिळताना अडकल्यासारखं वाटलं, शौच काळी झाली किंवा वजन आपोआप उतरायला लागलं, तर मेडिकलमधून गोळ्या आणून ढकलत बसू नकोस, डॉक्टरांना दाखव. व्यायाम करताना छातीत दुखलं तर त्याला ॲसिडिटी समजून घरी बसायचं नाही, त्याच वेळी दवाखाना गाठायचा. हे पत्र वाचणाऱ्या मधुमेहींनाही सांगते : इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर रात्रीच्या व्यायामानंतर झोपेत साखर खाली जाऊ शकते, तेव्हा रात्रीचं खाणं डॉक्टरांना विचारूनच ठरवा. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी वरचे प्रथिनांचे आकडे स्वतःला लावू नयेत.

पाण्याचं थोडक्यात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या आसपास असतो आणि रात्री दहालाही जिममध्ये गरम हवाच फिरते. व्यायामाआधी नि नंतर एकदा वजन करून बघ. जेवढं उतरलं ते जवळजवळ सगळं पाणीच, अर्धा किलो म्हणजे अर्धा लिटर. ते व्यायाम करतानाच घोट घोट भरत जा आणि अकराच्या आत संपव. खूप घाम आला असेल तर मीठ-साखरेचं लिंबूपाणी. झोपताना तांब्याभर पाणी प्यायलास तर तीनला उठशील.

राहिलं जिम सकाळी करू का. रात्रीच्या व्यायामाने झोप बिघडतेच असं नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये बरेच अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा त्रास मुख्यतः तिथे दिसला, जिथे जोरदार व्यायाम झोपेच्या तासाभर आधीपर्यंत चालला होता. तुझा साडेदहाला संपतो, झोप बाराला. तेव्हा आधी कॅफीन बंद कर, संध्याकाळचा डबा सुरू कर आणि दोन-तीन आठवडे बघ. तरीही डोळा लागला नाही तर मात्र सकाळी जा. तुला अकरापर्यंत घराबाहेर पडायचं नसतं, म्हणजे आठ ते सव्वानऊ जमण्यासारखं आहे, उन्हाळ्यात तर तीच वेळ बरी. सध्या निदान पायांचा व्यायाम, जो सगळ्यात दमवतो, तो सुट्टीच्या दिवशी सकाळी ठेव. त्या रात्री स्वयंपाकघरात तुझं काही काम नाही, साडेआठला आईसोबत जेवायला बस.